गॅस पास झाला का?

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत एक शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मीही जन्मभर मुरडलंय. महाल या जुन्या वस्तीतलं आमचं घर, वडील कचेरीत हेडक्लार्क, आजोबा-पणजोबाही लेखणीवरच जगलेले. आमच्या घरात कुणाचा वारा सरत नसे. म्हणजे सरत असणारच, पण तसं कुणी म्हणत नसे. आई नुसती उठून खिडकी उघडायची आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागायचो.

अशा घरातली मी, भैरवी, नर्स झाले आणि नेमकी पोटाच्या ऑपरेशनांच्या वॉर्डात येऊन पडले. रामदासपेठेतलं हॉस्पिटल आहे, नाव काही सांगत नाही. सव्वीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं माझ्या वॉर्डात कांताबाई आहेत.

कांताबाई म्हणजे आमच्या आया. चादरी बदलणं, बेडपॅन देणं, पेशंटला धरून चालवणं ही त्यांची कामं. रोज कामठीहून शेअर ऑटोनं येतात आणि सात म्हणजे सातला हजर असतात. हॉस्पिटलमध्ये यायच्या आधी चौदा वर्षं त्या कामठीला पॉवरलूमवर होत्या. एका शेडमध्ये चोवीस माग, दिवसभर खडखडाट. त्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे नेले. आपण बोललेलं त्यांना अर्धं ऐकू येतं, उरलेलं त्या आपल्या तोंडाकडे बघून जुळवतात. सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा बाईंचे फार हाल झाले हो. आणि स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून समोरच्यालाही कमीच येत असणार, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे कुजबुज त्यांना जमतच नाही.

कान गेले, पण हात शाबूत राहिला. शेडमध्ये कानाचा उपयोग नव्हताच. मागाच्या लोखंडावर तळहात ठेवला की सुताचा धोटा नीट पळतोय की अडलाय, ते त्यांना हाताला कळायचं. तीच सवय त्यांनी इथे आणली. पेशंटची चादर सारखी करता करता त्यांचा हात क्षणभर पोटावर थांबतो. मला आधी राग यायचा. तपासणं तुमचं काम आहे का, म्हणून एकदा सुनावलंही होतं. "तपासून नाही राहिलो जी, पांघरून देऊन राहिलो," म्हणाल्या आणि हात तिथेच ठेवला.

नर्सिंगच्या मुली शिकायला येतात, त्यांना मी एकदा पेरिस्टाल्सिस समजावून सांगत होते. अन्न पुढे सरकतं कसं, तर असं असं, गोल स्नायू, लांब स्नायू, फळ्यावर झकास आकृती. मुली जांभया देत होत्या. कांताबाई दारात बादली घेऊन उभ्या. मुली गेल्यावर आत आल्या.

"सिस्टर, एक विचारू का जी? बसून जेवलं तं घास खाली पडते, हे समजलं. पन झोपून जेवलं तरी पोटातच जाते न? मंग त्याले ढकलते कोन?"

अगदी मुद्द्याचा प्रश्न. सात मुलींपैकी एकीनंही विचारला नव्हता. मी सांगितलं, घास पडत नाही, तो सरकवला जातो. अन्ननलिकेच्या, आतड्याच्या भिंतीत स्नायूंच्या कड्या असतात. घासाच्या मागची कडी आवळते, त्याच वेळी पुढची जागा सैल पडते, घास थोडा पुढे जातो, मग ती जागा आवळते. घशापासून थेट शेवटपर्यंत हेच. माणूस उलटा टांगून घास भरवला तरी तो पोटातच जाईल. आपण फक्त गिळायचं, पुढचं आपल्याला विचारून होत नाही.

दुसऱ्या दिवशी कांताबाई पिशवीतून धुतलेला परकर आणि नाडा घेऊन आल्या. नाड्याला सेफ्टी पिन लावली, नेफ्यात घातली आणि माझ्या टेबलापाशीच ओवायला बसल्या. पिनच्या मागे कापड चिमटीत आवळायचं, पुढे सैल सोडायचं. पिन सरकत सरकत चालली.

"असंच न जी?"

असंच. अगदी असंच. मी इतकी वर्षं फळ्यावर जे काढत आले ते या बाईनं परकरात करून दाखवलं. तेव्हापासून मी मुलींना आकृती काढून दाखवत नाही, नाडा ओवायला देते. त्यांना पहिल्या फटक्यात समजतं.

आता त्या शब्दाकडे येते.

पोट उघडून आतड्याला हात लागला की आतडं रुसतं. थांबूनच जातं. लहान आतडं काही तासांत हलायला लागतं, जठर एक-दोन दिवस घेतं आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी जागं होतं. ते जागं झाल्याची बाहेर कळणारी पहिली खूण म्हणजे वारा. आजकाल काही ऑपरेशनांनंतर लवकर खायला देतात, पण आमचे कृष्णकांत सर जुन्या वळणाचे. आतडं कापून जोडलं असेल तर वारा सरल्याशिवाय तोंडातून काही नाही. त्यामुळे आमच्या वॉर्डात रोज सकाळी एकच प्रश्न. तो कांताबाई विचारायच्या. कसा विचारायच्या? खाटेपासून चार हात लांब उभं राहून, खणखणीत आवाजात.

"काय जी भाऊ, पादले का?"

सगळा वॉर्ड ऐकायचा. कुणी फिसकन हसायचं, कुणी पांघरूण तोंडावर घ्यायचं. माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. यमुताई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आमच्याकडे होत्या. भेटायला नवे व्याही आणि विहीणबाई आलेल्या, संत्र्यांची करंडी घेऊन. आणि आमच्या कांताबाई दारातून, "यमुताई, पादल्या का जी?" व्याही संत्री मोजायला लागले. यमुताईंनी लेखी तक्रार केली, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय.

मी कांताबाईंना टेबलाशी बोलावलं आणि चांगली हजेरी घेतली. हे हॉस्पिटल आहे, बाजार नाही. यापुढे तो शब्द माझ्या वॉर्डात चालणार नाही. 'गॅस पास झाला का' असं विचारायचं, आणि तेही तुम्ही नाही, मी विचारीन.

त्या माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, मले जवाब कमी आयकू येते, म्हून मी तोंड पायतो. पादले का म्हटलं का मानूस हासते, नाहीतं लाजते. दोन्हीत समजते मले. तुमच्या त्या ग्यासनं तो नुसती मान हालवीन."

"हलवू दे," मी म्हटलं. आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

दोन महिन्यांनी रुपराव आले. खापरखेड्याच्या पलीकडच्या गावातले, साठीचे, काटक शेतकरी. आतड्याला पीळ पडलेला. सोमवारी ऑपरेशन झालं, हातभर काळं पडलेलं आतडं काढून दोन टोकं शिवली. सोबत बायको, गोपिकाबाई. सगळे दिवस ती बाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती, लुगड्याच्या पदरानं नवऱ्याला वारा घालत. वर पंखा चालू होता तरी.

मंगळवार, बुधवार नुसतं सलाईन. गुरुवारी सकाळी मी हातात फाइल घेऊन उभी राहिले. त्या दिवशी दोन नर्स रजेवर, तीन नवे पेशंट, माझं अर्धं लक्ष दाराकडे.

"रुपराव, गॅस पास झाला का?"

रुपराव बायकोकडे बघायला लागले. घरातलं तिला माहीत, असा चेहरा. तेव्हा मला ते खटकायला हवं होतं. नाही खटकलं. गोपिकाबाई लगबगीनं म्हणाल्या, "हो जी सिस्टर, झाला न!" मी फाइलमध्ये लिहिलं. सर आले, त्यांनी फाइल बघितली आणि पाणी, वरणाचं पाणी, पचलं तर संध्याकाळी मऊ खिचडी असं सांगून गेले.

दुपारी कांताबाई चादर बदलत होत्या. त्यांचा हात रुपरावांच्या पोटावर थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी ते पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मीच मिटायला लावलं होतं ना ते! संध्याकाळी रुपरावांनी चार घास खिचडी खाल्ली.

शुक्रवारी सकाळी मी ड्यूटीवर आले तर रुपरावांचं पोट टम्म फुगलेलं, ताणून तुकतुकीत झालेलं. दोनदा हिरवी उलटी झालेली. नाडी पळत होती. मी स्टेथोस्कोप लावला. पोट गुडगुडायला हवं, तिथे काही नव्हतं. शुकशुकाट.

मी फाइल उघडली. गॅस पास झालाय, फाइलमध्ये माझ्या अक्षरात लिहिलंय, मग हे काय? एवढ्यात कांताबाई टेबलाशी आल्या. पदर सारखा केला, शाळेतल्या पोरीसारख्या हात बांधून उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"सिस्टर, तुमचा शब्द त्यायले समजला नाही असं वाटते मले. माह्या शब्दानं एकडाव विचारू का?"

परवानगी मागत होत्या हो! पोट फुगलेला माणूस समोर, आणि ही बाई माझा नियम पाळत उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "विचारा," मी म्हटलं, "लवकर विचारा."

त्या खाटेपाशी गेल्या. "भाऊ, आपरेशन झाल्यापासून एकडाव तरी पादले का गा?"

रुपरावांनी तशाही अवस्थेत भिंतीकडे तोंड फिरवलं. गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. "नाही वं माय. एकडावही नाही."

"अहो, पण काल तुम्हीच म्हणालात ना," मी जवळजवळ ओरडलेच, "गॅस पास झाला म्हणून!"

"झाला न जी सिस्टर. मंगळवारीच एजन्सीतून फोन आलता, तुमचा ग्यासचा अर्ज पास झाला म्हने. शेगडी, सिलेंडर यायचं हाय अजून." मग माझा चेहरा बघून ती बाई घाबरली. "मले वाटलं, तुमी मायेनं इचारून राहिल्या. जनमभर चूल फुकली न मी, म्हून."

ती माझ्या प्रश्नाला माया समजली होती, आणि मी तो प्रश्न फक्त फाइल भरायला विचारला होता.

सर आले. मी सरळ सांगितलं, सर, चूक माझी आहे, मी नीट विचारलं नाही. सरांनी एकदा फाइलकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एक्स-रे काढायला सांगितला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एक्स-रे झाला, रुपरावांच्या नाकातून पोटात नळी गेली, साचलेलं सगळं बाटलीत यायला लागलं. खाणंपिणं पुन्हा बंद. मग सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुगलं तेवढा टाक्यांवर ताण. रविवारच्या राउंडपर्यंत आतडं चाललं नाही, तर पुन्हा उघडून बघावं लागेल. आणि हा माणूस दुसरं ऑपरेशन सोसेल, असं मला वाटत नाही."

गोपिकाबाईंना हे मीच सांगितलं. चूक कुणाची, तेही सांगितलं. ती बाई चिडली नाही. "आता काय करा लागते, ते सांगा," एवढंच म्हणाली.

काय करा लागते ते कांताबाईंना माहीत होतं. नळीतून पोट जरा उतरलं तसं त्यांनी रुपरावांना उठवलं. एका हातात सलाईनचा खांब, दुसऱ्या हातात रुपराव. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "चाला गा भाऊ. तुमी हाललं तं ते हालन." दर दोन तासांनी एक फेरी. रुपराव कुरकुरायचे. "त्यापेक्षा एक तंबाखूचा खर्रा घोटून द्या न बाई. सकाळी खर्रा खाल्ला का पोट कसं मोकळं होते."

"खर्रा आनला तं मीच तुमचे टाके उसवीन."

शनिवारी उलटी थांबली, सरांनी नळी काढली आणि च्युइंगगम चघळायला सांगितलं. चघळण्यानं पोटाला वाटतं जेवण येतंय, ते कामाला लागतं, असा हिशेब. रुपराव गंभीर चेहऱ्यानं चघळत बसले. गोपिकाबाईंना धीर नव्हता, सारख्या विचारायच्या, चाललं का, चाललं का. तेव्हा कांताबाईंनी तिच्याजवळ बैठक मारली, पिशवीतून परकर आणि नाडा काढला आणि तिलाच ओवायला लावलं. पिन मधेच अडली. गोपिकाबाई ओढायला लागल्या.

"ओढू नको वं. ओढलं का नाडा सुटते. थांबाचं. बोटानं मोकळं कराचं, मंग ते आपोआप सरकते."

गोपिकाबाईंनी नाडा ओवला. मग ओढून काढला आणि पुन्हा ओवला. शनिवारभर तिचं तेच चाललं होतं. मी औषधं द्यायला जाता-येता बघत होते. कांताबाईंना मी गप्प बसवलं होतं. कुठल्या तोंडानं?

संध्याकाळी मी कांताबाईंना म्हटलं, उद्या तुमची सुट्टी आहे. त्या म्हणाल्या, "हो जी." आणि रविवारी सकाळी सातला कामठीहून हजर.

साडेआठ झाले. नऊला राउंड. ऑपरेशन थिएटरला सांगून ठेवलेलं होतं. कांताबाई वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला चादरी काढत होत्या. मी रुपरावांच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. आधी काहीच नाही. मग दूर कुठेतरी बारीक गुड्. मग गुडगुड, गुडगुड. मी श्वास रोखून ऐकत राहिले. सव्वीस वर्षांत हजार पोटं ऐकली असतील, इतका गोड आवाज कधी ऐकला नव्हता.

पण शेवटची खूण बाकी होती. आणि रुपराव काहीतरी विचित्रच करत होते. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय जुळवलेले, नजर भिंतीकडे. दुखतंय का? मान हलली, नाही. उलटी? नाही. मग कांताबाईंचं बोलणं आठवलं. तोंड पाहायचं. मी पाहिलं. तो दुखणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता. तो लाजलेल्या माणसाचा चेहरा होता.

अरे देवा. हा माणूस थांबवून धरतोय! पांढऱ्या कपड्यातली बाई समोर उभी म्हणून! दहा वर्षांची भैरवीसुद्धा अशीच पोट आवळून खिडकीबाहेर बघायची.

मी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. वाकले. आई, माफ कर, असं मनात म्हटलं आणि मोठ्यानं बोलले, "रुपराव, पादा हो. लाजू नका. बिनधास्त पादा."

रुपरावांनी माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे विस्फारलेले. आणि मग झालं. थोडकं नाही, चांगलं लांबलचक, सहा दिवसांचं साचलेलं. शेजारच्या खाटेवरचे बापूजी झोपेतून उठून बसले. गोपिकाबाई उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावला, हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. रुपरावांच्या मुठी सुटल्या.

माझेही डोळे वाहत होते. मी वळले. वॉर्डच्या त्या टोकाला कांताबाई आमच्याकडे पाठ करून चादर झटकत होत्या. सगळ्यांना ऐकू गेलं आणि नेमकं त्यांना नाही.

"कांताबाई!" मी हाक मारली. काही नाही. "अहो कांताबाई!"

त्यांनी वळून कानामागे हात धरला.

महालातली मी, सिस्टर भैरवी, वॉर्डच्या मधोमध उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले, "कांताबाई, रुपराव पादले!"

दारात कृष्णकांत सर उभे होते. त्यांच्यामागे नर्सिंगच्या सात मुली. आणि भेटीच्या वेळेआधीच आलेले कुणाकुणाचे नातेवाईक.

कांताबाई चादर हातात घेऊन माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. ओठ पक्के मिटलेले, पण गाल हलत होते.

"काय म्हनता सिस्टर? आयकू नाही आलं जी. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं, आणखी जोरात.